कप्तानाची एकच सफर

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वळणावर एका पेंटरची खोली होती. होड्यांवर नावं घालणं, दुकानांच्या पाट्या रंगवणं, बसगाड्यांवर नंबर टाकणं हा त्याचा धंदा. खोलीत शिरलं की आधी टर्पेंटाइनचा वास नाकात जायचा, मग रंगाचे डबे पायात यायचे आणि शेवटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलेला हा गोल पोटाचा, मोठ्या आवाजाचा माणूस दिसायचा. हात मात्र सुरेख. रंगाच्या कामात त्यानं कधी कोणाला फसवलं नाही. खालचा गंज खरवडल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, आणि दोन हात मारायचे ठरले असतील तर एकावर भागवायचा नाही.

पण त्याला पेंटर कोणी म्हणत नसे. सगळे कप्तान म्हणत.

त्याचं असं झालं होतं की तरुणपणी तो काही महिने मोठ्या जहाजांना रंग देण्याच्या कामावर होता. जहाजाच्या बाजूला दोरांनी फळी टांगायची, फळीवर बसायचं आणि दिवसभर ब्रश चालवायचा. वर कठड्याला टेकून खलाशी विड्या ओढत गप्पा मारायचे. तुफानाच्या, बुडता बुडता वाचल्याच्या, मधल्या समुद्रात इंजिन बंद पडल्याच्या. याचे कान वर आणि हात कामावर. संध्याकाळी त्याच गोष्टी हा मित्राच्या सलूनमध्ये सांगायचा. सुरुवातीला ‘ते खलाशी’ असायचे. काही वर्षांनी ‘आम्ही’ झालं. ‘आम्ही’चं ‘मी’ कधी झालं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ऐकणाऱ्यांचं काही बिघडत नव्हतं. खुर्चीत मान खाली घालून बसायचंच आहे, तर तुफान ऐकायला काय हरकत आहे? जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच हा त्याच्यावर चढला होता आणि बांधलेलं असतानाच उतरला होता, हे फक्त त्याच्या बायकोला माहीत होतं.

बायको घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची. ती एकदा म्हणाली होती, “लग्न झाल्यापासून तुम्ही एक रात्र घराबाहेर झोपला नाहीत. मग हे तुफान बघून कधी आलात?” तो हसला, तीही हसली, आणि विषय तिथेच राहिला. कोणाचं काय जात होतं?

सलूनवाला त्याचा शाळेपासूनचा मित्र. अंगानं किडकिडीत, बोलायला त्याहून किडकिडीत. सलूनमध्ये दोन खुर्च्या, पारा उडालेला एक लांब आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी बाक. बाकावर बसून बाकीचे लोक गोष्टींना हसायचे, मधे टोमणे मारायचे. सलूनवाला मात्र हसायचा नाही आणि शंकाही काढायचा नाही. गोष्ट रंगात आली की कात्री थांबवायचा. लहानपणी सुट्टीत तो मामाकडे जायचा, आणि मामाची एक छोटी शिडाची होडी होती. तेवढंच त्याचं समुद्राचं भांडवल.

तो मामा वारला. मूलबाळ नव्हतं, म्हणून होडी भाच्याकडे आली. सलूनवाल्याच्या बायकोनं ती बघितली आणि नवऱ्याला सांगून टाकलं की संसारात होडीचं काम नाही, पाण्याची एवढी हौस असेल तर न्हाणीघरात बादली आहे. काही दिवसांनी त्यानं एवढंच सांगितलं की कप्तानाला बरोबर घेऊन जाणार आहे. तेव्हा मात्र कप्तानाच्या या वहिनी विरघळल्या. भावजी बरोबर असतील तर माझी हरकत नाही, म्हणाल्या.

ही बातमी कप्तानाला सलूनमध्ये, भरल्या बाकासमोर मिळाली. भूशिराला वळसा घालून पलीकडच्या खाडीत जायचं, मामाच्या जुन्या जागेवर बसून जेवायचं आणि दिवसाउजेडी परत यायचं, असा बेत होता. बाकावरच्यांनी लगेच त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. एवढ्याशा पाण्याला कप्तान काय भीक घालणार, असं कोणीतरी म्हणालं, आणि कप्तानानं मान डोलावली.

मग टाळाटाळ सुरू झाली. आधी होडीला रंग द्यायला हवा, म्हणाला. तो त्यानं मन लावून दिला. मग रंग नीट वाळायला हवा. मग दाढ दुखायला लागली. मग बसडेपोचं काम निघालं. सलूनवाला प्रत्येक वेळी “बरं, पुढच्या सुट्टीला,” म्हणायचा. त्याला घाई नव्हती. कप्तानाच्या बायकोनं हे सगळं बघितलं आणि मशीन थांबवून म्हणाली, “सांगून टाका हो. आज सांगितलंत तर लोक हसतील आणि विसरतील.”

त्याला पटलं. चपला घालून तो तडक सलूनमध्ये गेला. बाक भरलेला होता. “काय कप्तान, कधी निघणार स्वारी?” कोणीतरी विचारलं. सलूनवाल्यानं कात्री थांबवली आणि आरशातून त्याच्याकडे बघितलं. कप्तान म्हणाला, “वारा बघतोय.”

घरी परत आला तेव्हा बायकोनं त्याच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि दातानं दोरा तोडला.

निघायच्या दिवशी सकाळी वहिनी धक्क्यावर आल्या होत्या. पाव, उकडलेली अंडी आणि संत्री असं कापडी पिशवीत बांधून आणलं होतं. पिशवी कप्तानाच्या हातात देत त्या म्हणाल्या, “भावजी, यांना पाण्याचा अंदाज नाही. तुमच्या हवाली करते.”

“निर्धास्त राहा वहिनी,” तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच मोठा निघाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

जाताना काही अडचण आली नाही. वारा मऊ होता. शीड चढवणं, दोर बांधणं सगळं सलूनवाल्यानंच केलं. मामाबरोबर केलेलं हाताला आठवत होतं. सुकाणू त्यानं कप्तानाकडे दिलं, कारण सुकाणू कप्तानाकडेच असायला हवं. कुठे वळायचं ते तो मधेमधे हळूच सुचवायचा, जणू परवानगी मागतोय. कप्तान दांडा धरून बसला. पहिल्यांदा जीव मुठीत होता. मग लक्षात आलं की होडी आपली आपण चालते आहे. पाणी खालून गुदगुल्या केल्यासारखं वाजत होतं, किनारा सावकाश मागे सरकत होता, उन्हात शीड पांढरंशुभ्र दिसत होतं. एवढंच असतं होय, असं त्याच्या मनात आलं. भूशिर मागे टाकलं तोवर तो एक पाय दुसऱ्या पायावर टाकून बसलेला होता.

खाडीत त्यांनी होडी वाळूवर ओढली आणि सावली बघून जेवायला बसले. सलूनवाला त्या दिवशी बराच बोलला. मामा कुठे बसायचा, कसा ओरडायचा, मासे मिळाले नाहीत की कशी होडीलाच शिवी द्यायचा. मग अंड्याचं कवच सोलता सोलता म्हणाला, “तुला खरं सांगू? दिवसभर लोकांच्या मानेमागे उभं राहायचं, दुसरं काही बघायचंच नाही. तू येऊन त्या गोष्टी सांगायचास ना, तेव्हा वाटायचं, आपणही एकदा जाऊ. तुझ्यामुळे आलो बघ आज.”

सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं. ऐकायला तिसरं माणूस नव्हतं, आणि सांगितलं असतं तर सलूनवाल्यानं फार तर अर्धा तास तोंड फिरवलं असतं. कप्तानानं संत्र्याची साल काढली, अर्धं संत्रं त्याच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “हे काहीच नाही. अजून तू बघितलंयस काय?”

परत निघाले तेव्हा वारा वाढला होता आणि पाठीमागून येत होता. शीड बाहेरच्या बाजूला पूर्ण फुगलं. ते ज्या दोरानं ताब्यात ठेवायचं तो दोर सलूनवाल्याच्या हातात होता, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर तो तळव्यातून सरकत होता. कात्री धरणारा हात तो, त्याला दोराची सवय कुठून असणार? तळवा लाल झाला. तो पुन्हा पुन्हा हात बदलायला लागला.

“हाताला गुंडाळ की,” कप्तान म्हणाला. “म्हणजे सरकणार नाही.”

“मामा गुंडाळू द्यायचा नाही रे.”

“मामा जुन्या काळचा. आम्ही जहाजावर गुंडाळायचो.”

जहाजावर त्यानं हातात फक्त ब्रश धरला होता. पण वाक्य तोंडातून असं सहज निघालं की त्यात काही खोटं आहे हे त्याला स्वतःलाही जाणवलं नाही. सलूनवाल्यानं क्षणभर विचार केला आणि दोराचे वेढे उजव्या पंजाला घेतले.

भूशिरापाशी पाणी खवळलेलं होतं. मागून एक लाट आली आणि होडीचं शेपूट उचललं गेलं. कप्तान दचकून मागे वळला, आणि वळता वळता सुकाणूचा दांडा त्याच्याबरोबर गेला. होडी फिरली. वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला शिरला. शिडाखालची आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला एवढ्या जोरानं गेली की सगळी होडी हादरली, आणि दोर सलूनवाल्याचा हात घेऊन गेला. मधे दोर अडकवायची लाकडी खुंटी होती. बोटं त्या खुंटीवर चेचली गेली.

तो ओरडला नाही. डाव्या हातानं एक एक वेढा सोडवून त्यानं उजवा हात मोकळा केला आणि दुसऱ्या कोणाचा असावा तसा त्याच्याकडे बघत राहिला.

कप्तानानं सुकाणू सोडून दिलं. मित्राकडे जाण्यासाठी नव्हे. तो चार पायांवर रांगत डोलकाठीपर्यंत गेला, तिला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. होडी गटांगळ्या खात होती, पाणी आत येत होतं. तो “आई, आई” म्हणत होता, मोठ्यानं, लहान पोरासारखं. पुढे कित्येक महिने आंघोळ करताना, जेवताना, पाटीवरचं अक्षर वळवताना हे चित्र मधेच त्याच्या डोळ्यांसमोर यायचं आणि त्याचे कान गरम व्हायचे.

काही वेळानं होडीचं हलणं कमी झालं. त्यानं डोळे उघडले तर सुकाणूचा दांडा सलूनवाल्यानं काखेत धरला होता, आणि मोडका हात सदऱ्याच्या पोटात खुपसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता.

“तू कधी होडीत बसलायस का रे?” त्यानं विचारलं.

कप्तानानं मान हलवली. नाही.

सलूनवाला म्हणाला, “बरं. तो दोर सोड. तो नाही, त्याच्या शेजारचा.”

कप्तानाची बोटं ऐकेनात. शेवटी गाठ सुटली आणि शीड खाली आलं, अर्धं होडीत, अर्धं पाण्यात. मग सलूनवाल्यानं त्याला वल्ह्यांवर बसवलं आणि कुठलं कधी ओढायचं ते सांगत राहिला. कप्तान रडत होता आणि ओढत होता. हाताला फोड आले, ते फुटले.

धक्क्यावर येईपर्यंत लोक जमले होते, कारण शीड खाली आणि होडी वल्ह्यांवर हे लांबूनच दिसत होतं. वहिनी पुढे होत्या. नवऱ्याचा हात बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं, कसं झालं, चारी बाजूंनी विचारायला लागले. कप्तान तोंड उघडणार, तोवर सलूनवाला म्हणाला, “माझ्या हातून दोर निसटला. कप्तान होता म्हणून परत आलो.”

कप्तानानं त्याच्याकडे बघितलं. त्यानं बघितलं नाही.

वहिनींनी कप्तानाचे दोन्ही हात धरले. तळव्यांवरचे फुटलेले फोड त्यांना दिसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “भावजी, एवढं वल्हवत आणलंत यांना?” त्या म्हणाल्या. लोकांनी कप्तानाच्या पाठीवर थापा मारल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. त्याला ते खरोखर हवं होतं. पण पायाखाली धक्क्याचा दगड होता, तो जसाच्या तसा राहिला. त्यानं नुसती मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती हा नम्रपणा.

हाडांच्या डॉक्टरनं हात प्लॅस्टरमध्ये घातला. सलून बंद झालं. आणि गावात गोष्ट फिरायला लागली. फिरता फिरता ती वाढली. लाट घराएवढी झाली, डोलकाठी वाकली, कप्तानानं एका हातानं सुकाणू आणि दुसऱ्या हातानं मित्राला धरलं. इतकी वर्षं हा दुसऱ्यांच्या गोष्टी आपल्या नावावर सांगत आला होता; आता लोक त्याच्या नावावर सांगत होते आणि त्याला थांबवता येत नव्हतं. रस्त्यानं जाताना कोणी हाक मारली की तो ऐकू न आल्यासारखं करायचा. खोलीवर कोणी गप्पा मारायला आलं की रंग ढवळत बसायचा. हात हलता राहिला की वर बघावं लागत नाही.

प्लॅस्टर निघालं तेव्हा दोन बोटं वळेनात. डॉक्टरनं व्यायाम दिला. चेंडू दाबायचा, गरम पाण्यात हात बुडवायचा. बोटं थोडी हलली, पण कात्रीच्या कडीत काही जाईनात.

कप्तानानं सलूनला रंग दिला. कोणी न सांगता. भिंती खरवडल्या, छताला हात मारला, पाटी नवी काढली. घरी आल्यावर बायको त्याच्या केसांतला चुना झटकत म्हणाली, “भिंत रंगवून काय होणार आहे? वहिनींना खरं सांगा.” तिला त्यानं पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतं. ती रागावली नव्हती. तिनं फक्त एवढंच विचारलं होतं की डोलकाठीला किती वेळ धरून बसला होतात.

सलून उघडलं त्या दिवशी जुनी माणसं आवर्जून आली. सलूनवाल्यानं पहिल्याच गिऱ्हाइकाला कपडा बांधला, उजव्या हातात कात्री घेतली आणि ती खाली पडली. उचलली, पुन्हा पडली. गिऱ्हाईक भला माणूस होता. घाई आहे, उद्या येतो, म्हणून उठला. सगळे अवघडले. तो अवघडलेपणा घालवायला बाकावरचा एकजण म्हणाला, “कप्तान, तू सांग बुवा त्या दिवशीची गोष्ट. तुझ्या तोंडून ऐकलीच नाही.”

कप्तान उठून उभा राहिला आणि त्यानं सांगितली. मी कधी समुद्रावर गेलोच नव्हतो. दोर हाताला गुंडाळ म्हणून मीच सांगितलं. सुकाणू मीच फिरवलं. मग मी डोलकाठी धरून आईच्या नावानं रडत होतो, आणि यानं मोडक्या हातानं मला परत आणलं.

बाकावरून असा हशा उठला की आरसा थरथरला. “काय नक्कल करतो!” कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. “कप्तान, आज नवीनच काढलीस! आईच्या नावानं रडत होता म्हणे!” त्याला तो प्रसंग पुन्हा करून दाखवायला सांगितलं. त्यानं शपथ घेतली तसे जास्तच हसले. हसला नाही तो एकटा सलूनवाला. तो आरशातून कप्तानाकडे बघत होता, आणि त्यानं मान अगदी थोडी हलवली. नको.

कप्तान तिथून निघाला तो सरळ वहिनींकडे गेला.

वहिनी सलूनचे टॉवेल इस्त्री करत होत्या. गिऱ्हाइकं येवोत न येवोत, टॉवेल तयार हवेत. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला टॉवेल पुरता केला, घडी घातली, इस्त्री बाजूला ठेवली.

“म्हणजे तुम्ही कधी गेलाच नव्हतात?”

“नाही.”

“तरी माझ्याकडून पिशवी घेतलीत.”

त्यांनी घडी घातलेला टॉवेल गठ्ठ्यावर ठेवला.

“आणि हे माझ्याशी खोटं का बोलले?”

“माझी लाज राखायला, वहिनी.”

“तुमची लाज राखली,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मी रोज त्यांचा हात गरम पाण्यानं शेकत होते. मला सांगायला हरकत नव्हती.” त्यांनी दुसरा टॉवेल उलगडला. “भावजी, काही दिवस इकडे येऊ नका.”

त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाहीच. दुसऱ्या दिवशी सलूनवाला त्याच्या खोलीवर आला. इतक्या वर्षांत त्याला चिडलेला कप्तानानं बघितला नव्हता.

“बोटं माझी मोडली,” तो म्हणाला. “काय सांगायचं, काय नाही, ते मी ठरवायचं की तू?”

“मला राहवत नव्हतं रे. घास उतरत नव्हता.”

“तुझा घास उतरावा म्हणून माझ्या घरात चूल पेटेनाशी झालीय. ती बोलत नाही माझ्याशी.” तो दारातच उभा होता. “त्या दिवशी मी सांगितलं असतं तर चार लोक तुला मारायला उठले असते. मी झाकलं. तू एकदा तरी विचारायचंस.”

आणि तो गेला. कप्तान स्टुलावर बसून राहिला. समोर अर्धवट रंगवलेली पाटी होती. आधी खोटं बोलून याचा हात घेतला, आता खरं बोलून घर. त्याला पहिल्यांदा कळलं की खरं सांगतानाही त्यानं स्वतःचाच विचार केला होता.

कप्तानाच्या बायकोचं वहिनींकडे जाणं-येणं चालू होतं. तिच्याकडून कळलं की सलूनवाला डाव्या हातानं कात्री चालवायला बघतोय. जुन्या ब्रशचे केस कापून सराव करतो. ब्रश म्हणजे काही डोकं नव्हे. कप्तानानं रात्रभर विचार केला नाही, काही नाही. ऐकलं तसा उठला. सलून रिकामं होतं. तो खुर्चीत जाऊन बसला, कपडा स्वतःच गळ्याभोवती बांधला.

“काप,” म्हणाला.

“डाव्या हातानं नीट येत नाही अजून.”

“माहीत आहे. काप.”

कप्तानाचे केस दाट होते, आणि त्या वयातही काळे. त्याला त्यांचा अभिमान होता. खिशात कंगवा असायचा. सलूनवाला येऊन मागे उभा राहिला. मग कात्रीचा आवाज सुरू झाला, अडखळत. कानाला टोक लागलं, रक्त आलं. कप्तान हलला नाही. त्या खुर्चीत तो इतका गप्प पहिल्यांदाच बसला असेल. उठला तेव्हा डोकं उंदरानं कुरतडल्यासारखं दिसत होतं.

बायकोनं टोपी काढून दिली. त्यानं घेतली नाही. तसाच बाजारात गेला, तसाच बसडेपोत कामाला गेला. केस जरा वाढले की पुन्हा जाऊन बसायचा. कधी एक बाजू वर, कधी मागे पायऱ्या. लोक विचारायचे, हे काय रे? तो सांगायचा, डावा हात शिकतोय, उजवा मी मोडला. पहिल्यांदा हसले. पण गमतीसाठी कोणी महिनोन् महिने असं डोकं घेऊन फिरत नाही. हळूहळू हसणं थांबलं, आणि लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला.

विश्वास ठेवल्यावर सोपं गेलं असं नाही. एका होडीवाल्यानं आपल्या होडीवरचं नाव दुसऱ्याकडून घालून घेतलं. या माणसाचा हात माझ्या होडीला नको, म्हणाला. बाकावर तो येऊन बसला की शेजारचा जरा सरकायचा. ‘कप्तान’ म्हणतच होते, पण आता म्हणताना ओठ वाकडा व्हायचा. तो हाकेला ओ द्यायचा. दुसरं करणार काय?

डावा हात मात्र शिकला. आधी लहान मुलांचे केस, मग म्हाताऱ्यांचे, मग सगळ्यांचे. वस्तरा जमला नाही. दाढीची गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. होडी विकायची असं वहिनी म्हणत होत्या, पण सलूनवाल्यानं विकली नाही. वारा मऊ असेल तेव्हा तो मेहुण्याला घेऊन जातो, भूशिराच्या अलीकडूनच परत येतो. कप्तानाला त्यानं पुन्हा बोलावलं नाही. कप्तानानंही विचारलं नाही. होडी धक्क्यावर ओढली की तो तिचा तळ खरवडतो आणि रंग देऊन जातो, एवढंच.

दोघं बोलतात. पूर्वीसारखं नाही, पण बोलतात. पाटीच्या रंगाबद्दल, बसच्या वेळेबद्दल, कोणाच्या मुलीचं कुठे ठरलं याबद्दल. समुद्राचा विषय निघाला तर कप्तान बाहेर जाऊन उभा राहतो.

परवा तो खुर्चीत बसला होता, अर्धे केस कापून झाले होते, तेवढ्यात वहिनी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन आत आल्या. एरवी त्या तो नसताना यायच्या. त्यांनी टॉवेल फळीवर रचले, जायला निघाल्या आणि दारात थांबल्या.

“भावजी, घराच्या मागच्या भिंतीला ओल आलीय,” त्या म्हणाल्या. “बघून जाल का?”

आरशात त्यांचा चेहरा दिसला असता, पण त्याची मान वर झाली नाही. “आत्ता येतो,” म्हणत तो गळ्याभोवतीच्या कपड्यासकट उठायला लागला.

सलूनवाल्यानं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

“बस. एक बाजू राहिलीय.”